क्रूझवरून रोम स्वतः करावं की जहाजाचीच टूर घ्यावी? सोबत आई-बाबा आहेत

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात सात रात्रींची मेडिटरेनियन क्रूझ बुक केलीये, मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा. रविवारी बार्सिलोनाला चढायचं, मग सोमवारी मार्सेय, मंगळवारी जिनोआ, बुधवारी चिवितावेक्या म्हणजे रोमचं बंदर (उच्चार चुकला असेल तर सांभाळून घ्या), गुरुवारी पालेर्मो, शुक्रवारी माल्टाचं व्हॅलेटा, शनिवारी नुसता समुद्र आणि रविवारी परत बार्सिलोना.

आता घोळ असा की जहाजाच्या ॲपवर एक्स्कर्शन्सचे भाव बघून डोळे फिरलेत, रोमच्या एका दिवसाचे पाच जणांचे मिळून जेवढे होतात तेवढ्यात आम्ही दिवाळीत गोवा करून येतो, हॉटेलसकट. मित्र म्हणतो येडा आहेस का, सरळ ट्रेन आहे. बायको म्हणते आणि जहाज चुकलं तर? बाबा ७२ चे पण ठणठणीत, त्यांनी वहीत यादी केलीये, कोलोसियम आतून, व्हॅटिकन म्युझियम, मोठं चर्च (सेंट पीटर्स), कारंजं (ट्रेव्ही), पँथिऑन (जुनं रोमन मंदिर). आई ६८, गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर चालते पण चढ किंवा पायऱ्या आल्या की टेकायला जागा शोधते. ती म्हणते "मी बसते जहाजावर, तुम्ही या जाऊन", आणि ते ज्या सुरात म्हणते ना, तो सूर तुम्हाला माहितीये.

जहाज सकाळी ७ ला लागतं, संध्याकाळी ७ ला सुटतं. कोणी केलंय का असं? आणि हो, आई-बाबा शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. खाली उतरल्यावर खायचं काय?

निवृत्त_पण_फिरती

अरे बाबा, जहाजाच्या टूरचा मोठा फायदा एकच, बस अडकली तर जहाज थांबतं, निदान तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी त्यांची असते. बाकी सुख मानण्यावर आहे. आम्ही दोघांनी नेपल्सहून पॉम्पेईची घेतली होती. सकाळी जहाजावरच्या थिएटरात बसवतात, छातीवर नंबराचा स्टिकर लावतात, मग १७ नंबर चला म्हटलं की शाळेच्या सहलीसारखं गाईडच्या पाटीमागे चालायचं. हे वय झालं तरी रांग चुकली की पोटात गोळा येतो.

चिडचिड झाली ती वेगळ्याच गोष्टीने. पॉम्पेई म्हणजे आख्खं शहर, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेलं, अजून एक तृतीयांश तर खणायचंच राहिलंय, आणि आम्हाला तिथे मिळाले दोन तास, पण त्याच्या आधी कॅमिओच्या दुकानात पाऊण तास बसवलं! शिंपल्यावर चेहरे कोरतात ते. काम सुंदर होतं, खोटं का बोलू, आमच्या ह्यांनी एक घेतलंसुद्धा, पण तो पाऊण तास मला त्या गल्ल्यांमध्ये हवा होता. रथांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या मी वाकून हाताने बघत होते तेवढ्यात हेडफोनमध्ये गाईड "प्लीज कीप मूव्हिंग".

तर टूर घेतलीस तर वर्णनात "शॉपिंग स्टॉप", "फ्री टाइम" आणि "पॅनोरॅमिक" हे तीन शब्द शोध. पॅनोरॅमिक म्हणजे बसच्या काचेतून, बरं का.

लोकलवाला

मित्र बरोबर बोलतोय. आम्ही दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना घेऊन केलंय, तेही सत्तरीचे. सविस्तर लिहितो.

जहाजातून उतरलं की बंदराची फुकट शटल असते, ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या ठिकाणी सोडते, तिथून स्टेशनला लोकल बस आहे नाहीतर वीसेक मिनिटं सपाट चाल. रोम ७०-८० किमी आहे, रीजनल गाडीला तास-सव्वा तास. कागदी तिकीट काढलंत तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशिनमध्ये पंच करा, नाहीतर तिकीट असूनही दंड. आपल्याला ही सवय नाही म्हणून सांगतोय.

आता मुख्य गोष्ट. सगळे डोळे मिटून टर्मिनीला, म्हणजे रोमच्या मुख्य स्टेशनला, उतरतात, तुम्ही उतरू नका. आधी रोमा ओस्तिएन्से येतं, तिथे उतरा, शेजारीच पिरामिदे मेट्रो आहे, बी लाईन, दुसरं स्टेशन कोलोसेओ. मेट्रोतून बाहेर पाऊल टाकलं की समोर कोलोसियमच, सासरे दोन मिनिटं तिथेच उभे राहिले, मागची माणसं धडकत होती तरी हलेनात. आत लिफ्ट आहे, काकूंना वर जाता येईल. तिकीट ऑनलाइन ३० दिवस आधी खुलतं, नावावर असतं, त्यामुळे तारीख मोबाईलवर लावून ठेवा. मुलाला फुकट पण त्याचंही बुकिंग करा. शेजारचा फोरम (जुन्या रोमचे अवशेष) मात्र वरूनच बघा, खाली सगळे उंचसखल दगड, तिथे गुडघ्यांचं काही खरं नाही.

मग टॅक्सीने पँथिऑन (हल्ली तिकीट लागतं), तिथून कारंजं दहा मिनिटं चालत. टॅक्सीत चारच जण घेतात, तुम्ही पाच, तेव्हा मोठी गाडी मागा नाहीतर दोन होतील. शेवटी सेंट पीटर्स, कारण परतीची गाडी तिथल्याच रोमा सान पिएत्रो स्टेशनवर पकडता येते, टर्मिनीला उलटं जायला नको. तुमचा बुधवार आहे, पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी चौकात सभा असते आणि चर्च दुपारपर्यंत बंद, म्हणून ते शेवटीच ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. साडी-पंजाबी ड्रेसला प्रश्न नाही, हाफ पँट घालून आलेल्या जावयाला असतो (मी).

व्हॅटिकन म्युझियम वहीतून खोडा. ते एकटंच अर्धा दिवस खातं.

पुन्हा_नाही_बाबा

लोकलवाल्यांनी सगळं बरोबर लिहिलंय, फक्त संप राहिला. इटलीत रेल्वेचे संप होतात, आधी जाहीर होतात, पण आपण बघतो कुठे. आमचा शुक्रवार होता. सकाळी ८ ची गाडी व्यवस्थित मिळाली म्हणून आम्ही निवांत. मला नंतर कळलं की संपातसुद्धा कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात, म्हणजे सकाळची मिळाली यात काही विशेष नव्हतं. दुपारी ३ ला सान पिएत्रोला आलो तर बोर्डावर एकाखाली एक लाल अक्षरात रद्द, रद्द. जहाजावर परत साडेपाचला हवं होतं. तीन टॅक्सीवाले नाही म्हणाले, चौथा दीडशे युरोवर तयार झाला, त्यात हायवेला ट्रॅफिक. बायको सगळा रस्ता एक शब्द बोलली नाही, मी सारखा घड्याळ बघत होतो आणि तो ड्रायव्हर मला क्रिकेटबद्दल विचारत होता. पाच वाजून सव्वीस मिनिटांनी गँगवेवर, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावर. आम्ही गेल्यावरही माणसं धावत येत होती आणि वर डेकवर लोक टाळ्या वाजवत शूटिंग करत होते, त्यात आम्हीही असणार कुणाच्यातरी फोनमध्ये.

म्हणून, आदल्या आठवड्यात संपाची तारीख बघा (शब्द आहे शोपेरो), आणि शेवटची चालेल ती नाही, तिच्या दोन गाड्या आधीची पकडा. पासपोर्ट तिजोरीत ठेवून उतरू नका. चुकलंच जहाज तर पुढच्या बंदराला स्वखर्चाने जायचंय.

कर्वेनगरकर

बापरे. बायकोला हे वाचून दाखवायला नको होतं. ती आता जहाजाची टूर एवढंच म्हणतेय.

म्युनिकची_माही

दादा घाबरू नका, आधी अंतर बघा. तुमच्या यादीत लांबचं रोम एकटंच आहे. जिनोआ आणि पालेर्मोला जहाज गावातच लागतं, चालत बाहेर पडायचं, तिथे टूर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. व्हॅलेटा तर आईंसाठीच बनवलंय, धक्क्याजवळून लिफ्ट आहे, ५८ मीटर वर थेट अप्पर बराक्का बागेत, बाकांवर बसायचं, खाली तुमचंच जहाज दिसतं, आणि दुपारी १२ ला तोफ उडते, मुलाला आधी सांगू नका. मार्सेयला बंदर गावापासून थोडं लांब आहे, शटलने व्यु पोर्ट (गावातलं जुनं बंदर) गाठा, तिथून ६० नंबरची बस टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द चर्चला जाते. आत छताला छोटी छोटी गलबतं टांगलेली आहेत, समुद्रातून सुखरूप परत आल्याच्या नवसाची. माझी आई त्याखाली उभी राहून म्हणाली, "हे तर आपल्यासारखंच की".

घड्याळाचाही प्रश्न नाही, तुमच्या सगळ्या बंदरांची वेळ एकच आहे, ग्रीस असतं तर एक तास पुढे-मागे झालं असतं.

खाण्याचं ऐका, यावर मी पीएचडी करू शकते. तुमच्या तीन बंदरांत बेसन मिळतं! मार्सेयला पानिस, म्हणजे बेसन शिजवून थापून गार करून कापून तळलेलं, सुरळीच्या वड्या करता करता कंटाळा येऊन जाड कापल्या तर होईल तसं. जिनोआला फारिनाता, लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेलं धिरडं, वरून मिरपूड. पालेर्मोला पानेल्ले, पातळ तळलेले काप आणि ते चक्क पावात घालून देतात. बाबांना वडापाव म्हणून द्या, चटणी मात्र घरून न्या. साधारणपणे तिन्हीत बेसन, पाणी, तेल, मीठ, तरी विचारून घ्या, तळायचं तेल कुठे कुठे एकच असतं. जिनोआच्या पेस्तोत चीज असतं, ते चालतं का तुमच्यात बघा. जहाजाच्या बफेमधून फळं-सँडविच बाहेर न्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, सीलबंद पुडे चालतात.

निवृत्त_पण_फिरती

माही म्हणते ते पटलं. रोमला हवं तर जहाजाची नुसती बस घे, "ट्रान्सफर" किंवा "रोम ऑन युवर ओन" अशा नावाने असते, सोडतात आणि ठरल्या वेळी परत आणतात, मध्ये गाईड नाही, दुकान नाही. पूर्ण टूरपेक्षा स्वस्त पडते. बायकोही खूश, बाबाही.

कर्वेनगरकर

हे भारी आहे ताई, ॲपवर शोधलं, आहे, निम्म्याहून कमी भाव. तेच घेतोय, मधे लोकलवाल्यांचा क्रम, सुरुवात-शेवट बस सोडेल तिथून जुळवून घेईन. बाबांनी व्हॅटिकन म्युझियमवर अजून काट मारलेली नाही, पेन्सिलने प्रश्नचिन्ह केलंय फक्त. आणि आईला पावातलं बेसन वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन बेसनच खायचंय होय", पण मघाशी विचारत होती पालेर्मो कितव्या दिवशी येतं.

लोकलवाला

बस कुठे सोडते ते आधी विचारून घ्या हो, व्हॅटिकनच्या बाजूला सोडली तर क्रम उलटा करायला लागेल, आणि तिथून ६४ नंबरच्या बसमध्ये चढलात तर पाकीट पुढच्या खिशात. माझं गेलंय.