मदत हवी आहे: आपली मोटरहोम अनोळखी लोकांना भाड्याने द्यावी का?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सहा वर्षांपासून मोटरहोम आहे. ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछान्याचा कप्पा असलेली, मागे छोटं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. वर्षातले जेमतेम पाच आठवडे आम्ही तिच्यात असतो, एरवी ती ताडपत्रीखाली उभी. विमा, उभी करायच्या जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने सुरू. बरं, नुसत्या उभ्या गाडीचीही झीज होतेच. टायरची नक्षी अजून नव्यासारखी आहे, पण बाजूच्या रबराला भेगा पडायला लागल्यात.

ती भाड्याने द्यावी असं यजमानांचं म्हणणं आहे. मला ते पटतं आणि तरी मन तयार होत नाही. आतले पडदे सासूबाईंनी हाताने शिवलेत. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लेकीची उंची दरवर्षी पेन्सिलने मांडलेली आहे. तिथे कुणी परकं माणूस आपले कपडे ठेवणार, या विचारानेच कसंतरी होतं.

ते बाजूला ठेवलं तरी प्रश्न आहेतच. अपघात झाला तर आमचा विमा चालेल का? एवढी मोठी गाडी कधीच न चालवलेल्या माणसाच्या हाती किल्ली कशी द्यायची? आणि नुकसान झालं ते परत घेताना आपल्या लक्षात येतं का? कुणी दिली असेल तर खरं काय ते सांगा, कडू असलं तरी चालेल.

– ओलीवाट

वाटसरू:
ताई, आधी पॉलिसी काढून वाचा. घरगुती वापरासाठी घेतलेल्या विम्यात गाडी भाड्याने दिल्यास संरक्षण नाही, अशी अट बहुतेक वेळा असते. भाड्याचे व्यवहार जुळवून देणारी संकेतस्थळं त्या दिवसांपुरता वेगळा विमा देतात, पण त्यातली वगळलेल्या गोष्टींची यादी ओळन् ओळ वाचा. आतल्या सामानाची मोडतोड आणि झीज त्यात बहुधा धरत नाहीत. आणखी एक कलम लोकांच्या नजरेतून सुटतं: किल्ली तुम्ही स्वतःहून दिलीत आणि माणूस गाडी घेऊन पसार झाला, तर अनेक पॉलिसी त्याला चोरी मानत नाहीत. हप्ते चालू आहेत म्हणता, तर कर्जाचा करारही बघा.

पाऊलखुणा:
आम्ही तीन वर्षं दिली, मग थांबलो. सविस्तर लिहिते.

माणसं वाईट नव्हती. एकानेही मुद्दाम काही मोडलं नाही. पण त्यांना माहिती नसते आणि गाडी अनेक घरगुती गोष्टींनी भरलेली असते. एका कुटुंबाने संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर उघडा ठेवला. पाणी वाहून गेलं, मैला तळाशी सुकून बसला. तो सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले. व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी पुरेशी भरली की आधी ती रिकामी करायची आणि मग बेसिन-न्हाणीच्या सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे मी तोंडी सांगितलं होतं, पण पहिल्या दिवसाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार? नंतर व्हॉल्व्हशेजारीच चिठ्ठी लावली, मग पुन्हा तसं झालं नाही.

बॅटरीचंही तेच. रात्रभर दिवे, पंखा, पाण्याचा पंप चालू. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरली की लवकर मरते. आमची दुसऱ्याच वर्षी बदलावी लागली.

पण थांबलो ते छतामुळे. कुणाची तरी गाडी झाडाच्या फांदीला घासली असावी. परत घेताना आम्ही चारही बाजू पाहिल्या, आत पाहिलं, शिडी लावून वर मात्र गेलो नाही. सांध्याचा सील फाटला होता. चार महिन्यांनी कोपऱ्यातली भिंत बोटाने दाबली तर आत गेली, मागचं प्लायवुड कुजलेलं. तोवर डिपॉझिट कधीच परत दिलं होतं, आणि कुणाच्या हातून झालं ते कळायला मार्ग नव्हता. या गाड्यांचा खरा शत्रू पाणी आहे, आणि ते मुरल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ओलीवाट:
पाऊलखुणा, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. छताचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. चालवण्याबद्दल कुणी सांगेल का?

घाटवळण:
मी चालवायला देतच नाही. माझी गाडीमागे जोडून ओढायची कॅराव्हॅन आहे, ती मी स्वतः नेऊन सपाट उभी करतो, पाणी-वीज जोडून देतो आणि शेवटच्या दिवशी घेऊन येतो. गिऱ्हाईक कमी मिळतात, पण रस्त्यावरचा धोका जवळजवळ संपतो. मोटरहोमलाही हे करता येतं.

चालवायला द्यायचीच असेल तर निदान तासभर शेजारी बसून फिरवून आणा. वळताना मागच्या चाकांपलीकडचा भाग उलट्या बाजूला फेकला जातो, हे ऐकून समजत नाही, आरशात पाहिल्यावरच कळतं. छतावरच्या एसीसकट उंची मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवा. आणि तुमच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा: 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. बाजूला भेगा आहेत म्हणता, मग ते बदलल्याशिवाय कुणालाच देऊ नका. आत दुसऱ्याची मुलं बसणार आहेत.

ओलीवाट:
कर्जाचे कागद काढले. लेखी परवानगीशिवाय भाड्याने देता येत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. आज बँकेला आणि विमा कंपनीला पत्र पाठवलं. टायर लगेच बदलतोय, आम्हीही त्यांच्यावर फिरणार नाही.

परवानगी मिळाली तर घाटवळण म्हणतात तशी, नेऊन उभी करूनच देऊ, तीही आधी एकाच कुटुंबाला. पडदे काढून घरी आणलेत. कपाटाचं ते दारही बिजागरीतून काढणार आहे, तिथे साधं दार बसवू.

पाऊलखुणा, एक विचारायचं राहिलं: भिंतीतला ओलावा मोजायचं यंत्र मिळतं म्हणे. दर फेरीआधी आणि नंतर त्याच त्या जागी आकडे घेऊन लिहून ठेवले, तर गळती वेळेत लक्षात येईल का? तुमच्या गाडीत आधी कुठला कोपरा गेला होता?

पाऊलखुणा:
येईल, मी आता तसंच करते. डोक्यावरच्या बिछान्याचा पुढचा उजवा कोपरा गेला होता. तिथूनच सुरुवात करा, आणि शिडी विसरू नका.