आधी दारू सुटावी की आधी आघातावर उपचार व्हावेत?

तेरणाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मानसोपचार किंवा व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या, तसेच स्वतः त्या वाटेने गेलेल्या सदस्यांना मला एक प्रश्न विचारायचा आहे.

माझे माहेर किल्लारीच्या परिसरातले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी 7 वर्षांची होते आणि आजोळी सोलापूरला असल्यामुळे वाचले. दादा 14 वर्षांचा होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची मिरवणूक आटोपून तो रात्री उशिरा घरी येऊन झोपला होता. आमचे घर माळवदाचे होते, म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर. ते सगळे एकदम खाली आले. दादाला दुपारी बाहेर काढले. आई आणि धाकटी बहीण गेल्या. पहिले काही तास आईचा आवाज येत होता, एवढेच त्याने मला आजवर एकदा सांगितले आहे, आणि तेही प्यायलेला असताना.

दादा विशीपासून पितो. गेली दहा वर्षे रोज पितो. पुनर्वसनात मिळालेल्या घराला स्लॅब आहे, पण त्याखाली तो झोपत नाही. बाराही महिने अंगणात खाट टाकतो आणि पावसात दारात झोपतो. उशाखाली बॅटरी असते, चपला पायथ्याशी बाहेर तोंड करून ठेवलेल्या असतात. गणपतीत ढोलांचा हादरा जमिनीतून जाणवू लागला की ते दहा दिवस तो शुद्धीवर नसतो, असेच म्हणावे लागेल.

त्याला दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले. दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात स्वप्ने इतकी वाढली की तो निघून आला. भूकंपाचा विषय मी काढला तेव्हा तिथल्या समुपदेशकांनी सांगितले की जुने उगाळू नका. आधी वर्षभर कोरडे राहू द्या, मग बघू. आत्याचे म्हणणे वेगळेच आहे: जेवणातून नकळत देण्याची पूड मिळते, ती द्यावी. माझा प्रश्न असा की ‘आधी दारू, मग बाकीचे’ या क्रमाला संशोधनाचा आधार आहे का? जो माणूस स्वप्नांमुळेच तिसऱ्या आठवड्यात पळतो, त्याने वर्ष कसे काढायचे?

अंतर्वेध

ताई, मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि ज्यांना व्यसनाबरोबर दुसरा मानसिक आजारही आहे अशा रुग्णांबरोबर काम करते. दादांना न पाहता मी निदान करणार नाही. तरीही तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे पीटीएसडीची (भयंकर प्रसंगानंतर त्याच्या आठवणी, स्वप्ने आणि भीती माणसाला सोडत नाहीत असा आजार), तपासणी आजवर झाली नसेल तर ती व्हायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते. लातूरच्या भूकंपातून वाचलेल्यांचा मानसोपचारतज्ज्ञांनी अभ्यास केला होता आणि तो 1996 साली अमेरिकेतील मानसोपचाराच्या एका प्रमुख नियतकालिकात छापून आला. त्यात जी निदाने पुढे आली त्यांत हा विकार आणि नैराश्य ही प्रमुख होती. त्यामुळे तुमच्या गावाकडच्या माणसांचे हे दुखणे शास्त्राला ठाऊकच नव्हते, असे कोणी म्हणू शकत नाही.

आता तिसऱ्या आठवड्याविषयी. आपल्याला स्वप्ने प्रामुख्याने झोपेच्या ज्या टप्प्यात पडतात, तो टप्पा दारू दाबून टाकते. वर्षानुवर्षे दाबलेला हा टप्पा दारू थांबताच उसळून वर येतो, आणि स्वप्ने एरवीपेक्षा अधिक स्पष्ट, अधिक लांब आणि अधिक भयंकर होतात. ज्याच्याकडे ढिगाऱ्याखालची आठवण नाही त्याला विचित्र स्वप्ने पडतात. तुमच्या दादांना बहुधा तीच पहाट दिसत असणार. ते केंद्रातून पळाले यात इच्छाशक्तीचा अभाव शोधणे अन्यायाचे आहे. ज्या औषधाने त्यांची रात्र निभावत होती ते काढून घेतले गेले आणि त्या जागी दुसरे काहीच दिले गेले नाही. माणूस नशा निवडतो ती पुष्कळदा एखादी विशिष्ट वेदना शमवण्यासाठी, हा विचार एडवर्ड खांत्झियान या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1985 साली मांडला. तो सगळ्यांना लागू पडत नाही. तरीही पीटीएसडी असलेले रुग्ण समोर बसतात तेव्हा मला तो वारंवार आठवतो.

‘आधी वर्षभर कोरडे’ हा क्रम आला कुठून? आघाताचा विषय काढला तर रुग्ण ढासळेल आणि अधिक पिईल, ही भीती त्यामागे होती. ती दुष्टपणाची नव्हती, परंतु पुष्कळ काळ कोणी ती तपासून पाहिली नाही. 2012 साली ऑस्ट्रेलियात कॅथरीन मिल्स आणि सहकाऱ्यांनी 103 रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. या रुग्णांना पीटीएसडीही होता आणि व्यसनही. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्याला त्यांच्या जोडीला असा उपचार मिळाला ज्यात आठवण टाळण्याऐवजी ती सुरक्षित जागी, तज्ज्ञाच्या सोबतीने, पुन्हापुन्हा सांगितली जाते. दुसऱ्या गटात पीटीएसडीची लक्षणे अधिक उतरली आणि नशा वाढली नाही. मात्र नशा कमी होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही, हेही मी दडवणार नाही. 2009 साली अमेरिकेत 353 स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत आघाताला धरून घेतलेले गट-उपचार आणि साधे आरोग्यशिक्षणाचे वर्ग यांत फारसा फरक दिसला नव्हता. म्हणून दोन्ही उपचार एकत्र केले की व्यसन आपोआप सुटते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. एकत्र उपचाराने नुकसान होते या समजुतीला मात्र आज आधार उरलेला नाही.

आणि आत्याबाईंना कृपया आजच थांबवा. अशा पुडीत पुष्कळदा डायसल्फिराम असते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. त्याचप्रमाणे, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान फिट येणे, भ्रम होणे, माणसे न ओळखणे असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात माणसे दगावतात. ते पहिले दिवस रुग्णालयातच जायला हवेत.

आजचा दिवस

ताई, मी डॉक्टर नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जातो आणि 12 वर्षे प्यायलेलो नाही. अंतर्वेध यांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. त्यांच्याशी माझा वाद नाही, परंतु एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या आयुष्यात भूकंप झाला नव्हता. वडील मारायचे, एवढे होते. पिण्याच्या काळात ते मारणे मला फार उपयोगी पडले. प्रत्येक बाटलीला ते कारण म्हणून पुढे करता येत असे. त्यामुळे माझ्या पहिल्या स्पॉन्सरने, म्हणजे सभेतल्या माझ्या जुन्याजाणत्या सोबत्याने, ‘बापाबद्दल नंतर बोलू, आज संध्याकाळचे साडेसहा ते साडेआठ कुठे बसणार ते सांग’ असे म्हटले तेव्हा मला राग आला. परंतु मी वाचलो तो त्या दोन तासांच्या हिशेबावर. तलफ आली की ती वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते, हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. त्या पहिल्या तीन महिन्यांत मला कोणी वडिलांच्या पट्ट्याविषयी खोदून विचारले असते तर मी थेट गुत्त्यावर गेलो असतो, असे आजही वाटते. ज्या समुपदेशकांनी ‘उगाळू नका’ म्हटले, त्यांनी माझ्यासारखी पुष्कळ माणसे पाहिली असतील.

पण तुमच्या दादांचे वेगळे आहे, हे मला मान्य आहे. आईचा आवाज थांबल्याचे ज्याने ऐकले आहे, तो त्याचे निमित्त करत नाही. त्याला रात्रीसाठी कोणीतरी हवे आहे. तुम्ही स्वतः अल-अ‍ॅनॉनच्या सभेला जाऊन या. ती पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते. तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, आणि तेही वाचल्याचे. आई आणि बहीण तुमचीही गेली होती.

आकडेमोड

मी संशोधनपद्धती शिकवतो, म्हणून पुराव्याबद्दल थोडे लिहितो. बालपणीचा आघात आणि व्यसन यांचा संबंध सांगताना हमखास ज्याचा दाखला दिला जातो तो अभ्यास विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांचा. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सॅन डिएगो येथील 9,508 प्रौढांची उत्तरे होती. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसनी किंवा मनोरुग्ण माणूस असणे अशा सात प्रकारच्या अनुभवांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात मद्यासक्ती, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट आढळला. हा अभ्यास महत्त्वाचा आहे. परंतु अनुभवांची ती बेरीज लोकसमूहासाठी होती. एकट्या माणसाचे भविष्य तिच्यावरून सांगू नका, असे स्वतः अँडा यांनीच 2020 साली लिहिले. त्या प्रश्नावलीत भूकंपाचा प्रश्न नव्हता, हेही इथे लक्षात घ्यावे.

लहानपणाबद्दल मोठेपणी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आणि लहानपणीच केलेल्या नोंदी यांचा मेळ फारच कमी बसतो, असे 2019 साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले गेले. याचा अर्थ लोक खोटे बोलतात असा नव्हे. ज्यांच्यावर अत्याचार झाल्याची नोंद होती त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांनी तो मोठेपणी सांगितलाच नाही. तेव्हा दादा आज बोलत नाहीत यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. ली रॉबिन्स या संशोधिकेने 1971 साली व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास केला. तिथे असताना त्यांतले सुमारे 20 टक्के हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेच्या पूर्ण आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षभरात त्यांपैकी फक्त 5 टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनाधीन झाले. जागा, सोबत, आवाज, वास आणि नशा यांची गाठ किती घट्ट असते हे त्यातून दिसते. ते सैनिक युद्धाची जागा मागे सोडून आले. तुमचे दादा अजून तिथेच राहतात आणि दरवर्षी त्यांच्या पायाखालची जमीन ढोलांनी हादरते. येत्या गणपतीत त्यांना दहा दिवस दुसरीकडे नेता येईल का, एवढे तरी पाहावे.

तेरणाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आत्याशी बोलले. ती रडली, आणि पूड तिने आधीच मागवली होती असे निघाले. ती मी मोरीत ओतून टाकली.

काल संध्याकाळी दादाने फारशी घेतली नव्हती. मी अंगणात त्याच्या खाटेजवळ बसून केवळ दारू आणि स्वप्नांचा संबंध त्याला समजावून सांगितला. भूकंपाचे नावही काढले नाही. तो बराच वेळ बॅटरीचे बटण दाबत, सोडत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं तिथं.’ गेल्या दोन्ही वेळी त्याला तेच वाटले होते आणि ते कोणाला सांगण्यापेक्षा पळून जाणे त्याला सोपे वाटले.

आता एकच अडचण आहे. दोन्ही उपचार एकत्र करणारे तज्ज्ञ आमच्या तालुक्यात नाहीत. पुण्याला महिना महिना राहणे जमणार नाही.

अंतर्वेध

ताई, ते एक वाक्य मी उद्या माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. दादांची ओळख कुठेही येणार नाही.

आधी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा आणि भूकंपाचा उल्लेख पहिल्याच भेटीत करा, म्हणजे केसपेपरवर दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या जातील. शरीरातली दारू उतरवण्याचे दिवस तिथेच भरती होऊन काढा. स्वप्नांसाठी आणि झोपेसाठी काय देता येईल हे तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता पहिल्या दिवशीच विचारा. त्यानंतरच्या बैठका फोनवर किंवा व्हिडिओवर घेणारे तज्ज्ञ आता मिळतात. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. जवळच्या सोयीची चौकशी तिथे करता येईल. तालुक्यात तज्ज्ञ नाहीत म्हणून आशा सोडू नका. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून 377 पुरुषांवर झालेली एक चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी थोड्याच बैठका घेतल्या आणि पिणे थांबवणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. ते पुरुष दादांइतके खोल गेलेले नव्हते, म्हणून दारू उतरवणे आणि औषधे डॉक्टरांकडेच राहू द्या. पण नंतरच्या महिन्यांत आठवड्यातून एकदा बसून बोलणारे प्रशिक्षित माणूस तालुक्यातही तयार होऊ शकते.

भरतीच्या वेळी त्यांची खाट खिडकीजवळ किंवा दाराजवळ मागून घ्या. बॅटरी आणि चपला सोबत राहू द्या. नर्सना त्याचे कारण आधीच सांगून ठेवा.