औषधाच्या चिठ्ठीतलं 'ओडी': दिवसातून एकदा की उजवा डोळा?

गुलबक्षी: डोळ्याच्या थेंबांपुढे 'ओडी क्यूआयडी' लिहिलंय. त्याच चिठ्ठीत पॅन्टोप्राझोल ४० या ॲसिडिटीच्या गोळीपुढे 'ओडी एसी' आणि पॅरासिटामॉल ६५० पुढे 'एसओएस' आहे. मेडिकलवाल्याने थेंब रोज एकदाच सांगितले. बरोबर आहे का?

खलबत्ता: नाही. एकाच कागदावर ओडीचे दोन अर्थ आलेत. थेंबांपुढचं ओडी म्हणजे 'ऑक्युलस डेक्स्टर', उजवा डोळा. डावा ओएस, दोन्ही असतील तर ओयू. क्यूआयडी म्हणजे दिवसातून चारदा. गोळीपुढचं ओडी मात्र 'ओम्नी डिए', रोज एकदा. एसी म्हणजे 'आन्ते सिबुम', खाण्याआधी. ही गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतात. तरीही थेंब घालण्याआधी दवाखान्यात फोन करून डोळा कोणता ते विचाराच.

एसओएस म्हणजे 'सी ओपुस सिट', गरज पडली तर. नुसतं एवढंच लिहिणं मला अपुरं वाटतं. ताप किती असताना घ्यायची, दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त किती, हे तिन्ही आकडे चिठ्ठीवरच लिहून घ्या.

गुलबक्षी: आणि टीडीएस म्हणजे तीन जेवणांबरोबर का?

रात्रपाळी: जेवणाचा त्यात उल्लेखच नाही. 'तेर डिए सुमेन्दुम', म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावयाचे. सकाळी ९, दुपारी २, रात्री ९ असं घेतलं तर अंतरं ५, ७ आणि १२ तासांची पडतात. पुष्कळ गोळ्यांना ते चालतं. काही अँटिबायोटिक्सना चालत नाही, रात्रीच्या लांब खंडात रक्तातलं प्रमाण फार खाली येतं. अशा वेळी डॉक्टर 'क्यू ८ एच' लिहितात, दर ८ तासांनी: ६, २, १०. जेवणानंतर घ्यायचं असेल तर 'पीसी' वेगळं लिहिलेलं असतं.

खलबत्ता: अमेरिकेत रोज एकदासाठी 'क्यूडी' लिहायचे. ते क्यूआयडी वाचलं गेलं की डोस चौपट. म्हणून तिथल्या जॉइंट कमिशनने (रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) २००४ साली क्यूडी टाळायच्या यादीत घातलं. आपल्याकडचं '१-०-१' त्या मानाने फार बरं, सकाळ-दुपार-रात्र कुणालाही कळतं.

सर्वांत जपायचं ते मेथोट्रेक्सेटला. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच असतं. घाईत लिहिलेलं 'ओडब्ल्यू', म्हणजे आठवड्यातून एकदा, हे ओडी वाचलं जाऊन रोज घेतलं गेलं, तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा दबते म्हणजे रक्तपेशी कमी बनतात, जीवही जाऊ शकतो. तिथे संक्षेप नकोच. 'दर सोमवारी' असं अक्षरांत लिहून घ्या.