हायपरसोनिक क्रूझ क्षेपणास्त्र खरंच अडवता येत नाही का?

सिडकोची मेघा
माझा भाऊ एसएसबीची, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीची तयारी करतोय. क्लासमध्ये त्याला सांगितलं की हायपरसोनिक म्हणजे आवाजाच्या पाचपट वेग, रडारला दिसेपर्यंत खेळ खलास, म्हणून अडवणं अशक्य. हे बरोबर आहे का? आणि आपल्याकडे आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाचं ब्राह्मोस क्षेपणास्त्र असताना हे कशाला? नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

ओझरकर
ताई, मी ओझरला ३१ वर्षं फिटर होतो. जून २०१६ मध्ये पोटाखाली ब्राह्मोस लावलेलं सुखोई पहिल्यांदा उडालं, तेव्हा आम्ही सगळे धावपट्टीकडे डोळे लावून उभे होतो. दोन इंजिनांच्या मध्ये अडीच टनांचं धूड, आणि चाकं जमीन सोडेपर्यंत कुणाच्या तोंडून शब्द नाही. तो दिवस मी विसरणार नाही.

आता तुमचा प्रश्न. रडारचं क्लासवाल्यांनी उलटं सांगितलंय. पृथ्वी गोल, त्यामुळे जमिनीवरच्या रडारची नजर क्षितिजापाशी संपते. क्रूझ म्हणजे विमानासारखं इंजिनाच्या जोरावर हवेतूनच उडत जाणारं क्षेपणास्त्र. हायपरसोनिक क्रूझ २०-३० किलोमीटर उंचीवरून जातं, कारण खालच्या दाट हवेत एवढा वेग सोसत नाही. २५ किलोमीटर उंचीवरची वस्तू साधारण ६५० किलोमीटरवरून रडारच्या टप्प्यात येते. सेकंदाला दीड किलोमीटर धरलं तरी हातात सात मिनिटं उरतात. याउलट समुद्राला चाटून येणारं ताशी ९०० किलोमीटरचं साधं क्रूझ जहाजाला ३५-४० किलोमीटरवर दिसतं, म्हणजे जेमतेम अडीच मिनिटं. ब्राह्मोस तसंच खालून आलं तर मिनिटभरही नाही!

मग हायपरसोनिक कशाला? दूरच्या आणि हलणाऱ्या लक्ष्यासाठी. हजार किलोमीटरवरची युद्धनौका ताशी ५५ किलोमीटरने पळतेय समजा. साधं क्रूझ तिथे पोचायला तासावर वेळ घेतं, तोवर ती ६० किलोमीटर सरकलेली. हायपरसोनिक ११ मिनिटांत पोचतं, ती फार तर दहा किलोमीटर. ट्रकवरचा लाँचर डागून पळायच्या आत गाठायचा तर हाच वेग हवा. शिवाय बॅलिस्टिक, म्हणजे भिरकावलेल्या दगडासारख्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रासारखी ठरलेली कमान नसते, वाटेत वळतं. समोरच्याला ती सात मिनिटं ‘नेमकं कुठे चाललंय’ हे ओळखण्यातच घालवावी लागतात. अडवणं अवघड आहे ते या वळण्यामुळे. अशक्य म्हणू नका.

देवळाली कॅम्प
तोफखान्यात होतो, एकच भर घालतो. निरीक्षक नसेल तर तोफ आंधळी, तसंच हे. हजार किलोमीटरवरचं जहाज आत्ता कुठे आहे हे उपग्रहाने किंवा टेहळणी विमानाने सांगितलं नाही, तर ११ मिनिटांचा उपयोग शून्य. आणि रशियाचं किंझाल यात धरू नका. ते विमानातून सोडलेलं बॅलिस्टिक आहे. त्यांचंच झिरकॉन हे खरं हायपरसोनिक क्रूझ.

सिडकोची मेघा
काका, दोघांचेही आभार. मग आपलं कुठे अडलंय?

ओझरकर
इंजिनात. ब्राह्मोसच्या रॅमजेटमध्ये हवा आत आली की तिचा वेग आवाजाच्या खाली आणतात, मग इंधन जळतं. स्क्रॅमजेटमध्ये हवा आतूनही आवाजापेक्षा वेगाने धावत असते. तेवढ्या हजारांश सेकंदांत इंधन मिसळून पेटलं पाहिजे, आणि पेटतं राहिलं पाहिजे. घरात पंखा लावला तर शेगडीची ज्योत फडफडते, इथे तर वादळाच्याही कैकपट वारा. ७ सप्टेंबर २०२० ला डीआरडीओने उड्डाणात ही ज्योत २० सेकंदांहून जास्त टिकवली. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला जमिनीवरच्या चाचणीत छोट्या आकाराचा ज्वलनकक्ष १००० सेकंदांहून जास्त चालला. बातमी वाचली तेव्हा मी घरच्यांना बोलावून दोनदा वाचून दाखवली. भावाला हे दोन आकडे वेगळे ठेवायला सांगा, एक हवेतला आणि एक जमिनीवरचा. मुलाखतीचं पॅनेल तिथेच पकडतं.