कॅपाडोकियाची दोन दिवसांची टूर

कुणीतरी विचारलंय की इस्तंबूलवरून तुर्कस्तानातल्याच कॅपाडोकिया भागात दोन दिवसांची गाइडेड टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं. माझं मत, टूरच घ्या. आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो, कायसेरीपर्यंत विमान, पुढे टूरवाल्यांची गाडी. तिथे रेड टूर आणि ग्रीन टूर असे दोन ठरलेले रूट असतात, गोरेमे गावचं ओपन एअर म्युझियम (दगडात कोरलेली जुनी चर्च) रेडमध्ये आणि जमिनीखालचं शहर ग्रीनमध्ये, म्हणून दोन्ही घ्या, एक सोडलं तर हळहळ वाटेल.

गोरेमेच्या म्युझियममधल्या डार्क चर्चचं तिकीट वेगळं असतं, पण ते काढाच. आत उजेड कमी यायचा म्हणून भिंतींवरच्या चित्रांचे रंग अजून टिकलेत, तो निळा बघून मला एकदम अजिंठा आठवला. फक्त आपल्याकडे कातळ बेसाल्टचा, इथे ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड, त्यामुळे लोकांनी घरं, तबेले, कबुतरखाने सगळंच कोरलं, आणि कबुतरांची विष्ठा द्राक्षमळ्यांना खत म्हणून वापरायचे.

देरिनकुयूला, म्हणजे त्या जमिनीखालच्या शहरात, मात्र गाइड हवाच. खाली जाताना वाटेत जात्यासारखा गोल दगड दिसतो, मध्ये भोक, शत्रू आला की आतल्या बाजूने गडगडवत आणून वाट बंद करायची, बाहेरून तो हलवणं अवघड. गाइडने दाखवलं नसतं तर आम्ही शेजारून निघून गेलो असतो! भुयारं फार अरुंद आहेत, बराच वेळ वाकून चालावं लागतं, गुडघेदुखी असेल किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल तर वरच थांबा, आई थांबली होती.