आपला प्लॉट नक्की केवढा? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार सर्वांना. डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज भरायला घेतलाय, म्हणजे बिल्डरने करून दिली नाही म्हणून जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा अर्ज. प्लॉटचं क्षेत्रफळ लिहायचंय आणि तीन कागदांवर तीन आकडे आहेत. ब्रोशरवर २३,००० चौ. फूट, करारनाम्यात २,११२ चौ. मी. आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) १,९७२.६ चौ. मी. कोणता लिहू?

ए-१०२: करारनाम्यातला लिहा. त्यावर आपल्या सगळ्यांच्या सह्या आहेत, स्टॅम्प ड्युटी भरलीय.

सी-४०२: २३,००० फूट म्हणजे मीटरमध्ये किती?

ए-१०२: १०.७६४ ने भागा. २,१३७ च्या आसपास.

सी-४०२: म्हणजे पत्रिकेपेक्षा १६४ मीटर जास्त! एवढी जागा गेली कुठे?

बी-३०१: मी आत्ता मोबाइलवर सॅटेलाइट नकाशात कंपाउंडवरून बोट फिरवून मोजलं. २,०४० आलं. चौथा आकडा 🙏

सेक्रेटरी: बी-२०४ ताई, जुनी फाइल तुमच्याकडे आहे ना? बघता का जरा?

बी-२०४: हो, काल रात्री तीच घेऊन बसले होते. थोडं लांब लिहितेय, पण सगळ्यांनी नीट वाचा. एकदा चुकीचा आकडा ऑर्डरमध्ये उतरला की दुरुस्तीसाठी पुन्हा तेच सगळे हेलपाटे.

आधी २३,००० चं बघू. इमारत व्हायच्या आधी ही शेतजमीन होती. त्या वेळचा सातबारा फाइलमध्ये आहे. त्यावर क्षेत्र लिहिलंय ०.२१.१२, म्हणजे शून्य हेक्टर, एकवीस पूर्णांक बारा आर. एक आर म्हणजे बरोबर १०० चौ. मी., म्हणून २,११२ चौ. मी. करारनाम्यातला आकडा इथून आलाय. ब्रोशर करणाऱ्याने मात्र आरला गुंठा धरलं. गुंठा म्हणजे ३३ फुटांच्या साखळीचा चौरस, ३३ गुणिले ३३, १,०८९ चौ. फूट. आता २१.१२ ला १,०८९ ने गुणून बघा. २२,९९९.६८. तेच आपले २३,०००! मी तीनदा कॅल्क्युलेटर मारला. गुंठा आरपेक्षा जेमतेम १.१७ चौरस मीटरने मोठा, म्हणून बोलताना सगळे दोन्ही एकच समजतात. पण एकवीस वेळा ते १.१७ धरले की जवळजवळ २५ चौ. मी. होतात. ही जागा कुठे गेली असं विचारू नका, ती कधी नव्हतीच.

सी-४०२: बापरे. इतकी वर्षं आम्ही पाहुण्यांना २३,००० सांगतोय.

ए-१०२: ठीक. मग २,११२ धरा. तो तर सातबाऱ्याचाच आहे.

बी-२०४: दादा, तोही आता चालणार नाही. मंजूर नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक तक्ता असतो, एरिया स्टेटमेंट. आपल्या नकाशावर घडीची रेघ नेमकी त्या तक्त्यावरून गेलीय, म्हणून मी टॉर्च धरून वाचलं. पहिली ओळ: प्लॉटचं एकूण क्षेत्र २,११२. दुसरी ओळ: रस्तारुंदीसाठी वजा १३९.४. तिसरी: शिल्लक १,९७२.६. मिळकत पत्रिकेवर हाच आकडा आहे, दशांशासकट.

समोरचा रस्ता रुंद झाला तेव्हा आपल्या पुढच्या बाजूची पट्टी त्यात गेली आणि कागदोपत्रीही वेगळी झाली. पुढची बाजू ४८ मीटर धरली तर पट्टी साधारण २.९ मीटर रुंद पडते. गेटबाहेर रिक्षा उभ्या राहतात, तीच ती जागा. करारनाम्यात जुना एकूण आकडा तसाच राहिला.

सेक्रेटरी: म्हणजे पत्रिकेतला लिहू?

बी-२०४: आज कागदावर आपल्याकडे काय आहे, याला उत्तर पत्रिकेचंच. पण भिंतींच्या आत प्रत्यक्षात तेवढी जागा आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत अर्ज थांबवावा असं माझं मत आहे.

बी-३०१: ते मी सांगतो. रविवारी मुलांना घेऊन टेप लावली होती. पुढची भिंत ४८.२, डावी ३९.६, मागची ५१.०, उजवी ४१.४. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला. ४९.६ गुणिले ४०.५ म्हणजे २,००८.८. पत्रिकेपेक्षा ३६ मीटर जास्तच! काळजीचं कारण नाही.

ए-१०२: 👏👏

सी-१०३ काका: अरे थांब. टाळ्या नंतर. कोपरे काटकोनात आहेत का ते बघितलंस?

बी-३०१: नाही काका. चौकोनीच तर दिसतो प्लॉट.

सी-१०३ काका: दिसतो, पण तसा नाही. मी पस्तीस वर्षं ओव्हरसियर होतो, रोज सकाळी त्या डाव्या कोपऱ्यावरून फिरायला जातो. बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायचा ही सगळ्यात जास्त होणारी चूक. प्लॉट तिरका असला की क्षेत्रफळ हमखास जास्त येतं, कमी कधीच येत नाही. बाजू त्याच ठेवून चौकोन तिरका ढकल, आतली जागा घटते. काड्यापेटीच्या चार काड्या टेबलावर मांडून बघ.

बी-३०१: मग कर्ण मोजायला हवा होता का? मध्ये इमारत आहे काका, टेप जाणार कुठून?

सी-१०३ काका: कर्ण मोजायची गरज नाही. संध्याकाळी टेप घेऊन खाली ये, मी दाखवतो.

(संध्याकाळी)

बी-३०१: काका आणि मी जाऊन आलो. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून दोन्ही भिंतींवर दहा-दहा मीटरवर खडूने खूण केली आणि त्या दोन खुणांमधलं सरळ अंतर मोजलं. काटकोन असता तर १४.१४ मीटर यायला हवं होतं. आलं १२.६७! टेप जमिनीला टेकवायची नाही, उतार असला तरी आडवी समपातळीत धरायची, असं काकांनी बजावलं. प्लॉटचं क्षेत्र आडव्या मापाचंच धरतात.

सी-१०३ काका: मग त्या अंतरावरून कोपऱ्याचा कोन धरून घरी आलेखाच्या कागदावर प्लॉट १:२०० प्रमाणात काढला. कर्ण बरोबर २८ सेंटिमीटर आला, म्हणजे ५६ मीटर. आता प्लॉटचे दोन त्रिकोण झाले. प्रत्येकाच्या तीन बाजूंची बेरीज निम्मी करायची, त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करायची, मग निम्मी बेरीज आणि तिन्ही वजाबाक्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. एक त्रिकोण ९३५.५, दुसरा १,०१३.७. एकूण १,९४९.२ चौ. मी.

बी-३०१: म्हणजे माझ्या आकड्यापेक्षा जवळजवळ ६० मीटर कमी. सॉरी सगळ्यांना. मी आधीच निर्धास्त केलं.

बी-२०४: सॉरी कशाला? तू टेप लावली म्हणून तर हे कळलं. काका, तुमचे खरंच आभार.

ए-१०२: पण मग सॅटेलाइटवर २,०४० कसं आलं?

सी-१०३ काका: मागच्या भिंतीवर वडाच्या फांद्या आहेत. वरून झाडाचा पसारा दिसतो, भिंत दिसत नाही. शिवाय बोटाने टिंब टेकवताना अर्धा मीटर सहज सरकतो. अंदाजाला ठीक आहे, अर्जात लिहायला नाही.

सेक्रेटरी: आता पत्रिका १,९७२.६ आणि टेप १,९४९.२. २३.४ चा फरक. हा कुठला?

सी-१०३ काका: टेपच्या मोजणीत पाच-सात चौरस मीटर इकडेतिकडे धरायचेच. पण तेवीस जास्त वाटतात. मागची भिंत ५१ मीटर. २३.४ ला ५१ ने भागलं तर ०.४६ मीटर, म्हणजे दीड फूट. मागच्या बाजूला आपली भिंत हद्दीच्या दीड फूट आत बांधली असेल अशी मला शंका आहे. शंकाच, खात्री नाही.

सी-४०२: म्हणजे मागच्या बंगल्यावाल्यांनी आपली जागा घेतली??

बी-२०४: काकू, कृपा करून असं इथे लिहू नका. भिंत आपल्याच बिल्डरने बांधलीय. त्याने पाया खणताना मोठं झाड टाळायला आत घेतली असेल, किंवा उजवी भिंत चुकली असेल आणि मागची बरोबर असेल. खडूच्या खुणांवरून कोणावर बोट ठेवायचं नाही.

यासाठी सरकारी मोजणीच हवी, हद्द कायम मोजणी. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे अर्ज करायचा. फी क्षेत्रावर आणि किती तातडीने हवी त्यावर ठरते. मोजणीच्या आधी लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते, त्यांच्यासमोर भूकरमापक जुन्या अभिलेखावरून हद्द जागेवर दाखवतो आणि मग नकाशाची क प्रत मिळते. भिंत कुठे आणि हद्द कुठे हे त्या एका कागदावर दिसतं.

ए-१०२: यात महिने जातील. कन्व्हेयन्स आधी करून घ्या, मोजणी नंतर.

बी-२०४: दादा, घाई मलाही आहे. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा, १९६३ चा. त्याच्या नियमाप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स द्यायला हवं होतं. आपल्याला दिलं नाही, म्हणूनच तर जिल्हा उपनिबंधकांकडे जातोय. पण ज्या जमिनीची मालकी मागतोय ती केवढी हेच धड माहीत नसताना मागायची का? पुढे पुनर्विकास निघाला तर एफएसआय, म्हणजे किती बांधकाम करता येईल ते, प्लॉटच्या क्षेत्रावर मोजतात. कागद आणि जागा जुळली नाही की आर्किटेक्ट कमी आकडा धरून चालतो. दीड फुटाची ती पट्टी आपली असेल, तर ती सिद्ध करायची वेळ आत्ता आहे.

ए-१०२: बरं. माझी हरकत नाही. फी मेंटेनन्सच्या शिलकीतून भागेल ना?

सेक्रेटरी: भागेल. तरी शनिवारी कमिटीत ठराव करू, अर्जाला ठरावाची प्रत लागेल. डिजिटल सहीची मिळकत पत्रिका महाभूमीच्या सरकारी वेबसाइटवरून नवीन काढतो, जुनी झेरॉक्स जोडायला नको. ताई, मंजूर नकाशा स्कॅन करून घ्याल? घडीवर फाटायला आलाय म्हणताय.

बी-२०४: उद्याच करते. आणि एक. नोटीस पोस्टाने हातात पडली की मागच्या बंगल्यातले आजी-आजोबा घाबरतील. त्याआधी आपल्यापैकी कोणीतरी जाऊन भेटायला हवं.

सी-१०३ काका: मी जातो. आजोबा सकाळी माझ्याबरोबरच असतात फिरायला. त्यांच्याकडे त्यांच्या प्लॉटची जुनी क प्रत असेल तर तीही बघून येतो.