झूम केले तरी येऊरचे डोंगर हवे तसे का येत नाहीत?

उपवनकाठ: नमस्कार. माझ्याकडे १८-५५ मिमीची लेन्स आहे. रविवारी सकाळी ठाण्यातील उपवन तलावाच्या कठड्याशी मुलीला उभे करून दीड मीटरवरून १८ मिमीवर छायाचित्र काढले, तर डोळ्यांना चांगले उंच दिसणारे येऊरचे डोंगर त्यात टेकाडाएवढे झाले. तिथूनच ५५ मिमीवर झूम केल्यावर डोंगर मोठे आले खरे, पण चौकटीत मुलीचा केवळ चेहरा उरला. दोघांचे प्रमाण कसे साधावे?

नेरुळची खाडी: झूमची कडी फिरवल्याने चौकट अरुंद होते आणि मुलगी व डोंगर सारख्याच पटीने वाढतात, म्हणून त्यांच्यातले प्रमाण जिथल्या तिथे राहते. पडताळून पाहायचे असल्यास १८ मिमीवरचे छायाचित्र संगणकावर ५५ इतके कापून पाहा. तपशील कमी असेल, पण मुलीच्या कानामागून जाणारी डोंगराची कड त्याच जागी सापडेल. प्रमाण बदलते ते अंतरामुळे. लेन्स ५५ मिमीवर ठेवून मुलीपासून साधारण साडेचार मीटरवर उभे राहा. फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) आणि अंतर दोन्ही तिप्पट झाल्याने ती पूर्वीएवढीच दिसेल; डोंगर मात्र इतका दूर आहे की तुम्ही तीन मीटर मागे गेल्याने त्याच्या अंतरात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही, आणि तो जवळजवळ तिप्पट मोठा होऊन तिच्या खांद्यामागे येतो. चेहऱ्यालाही याचा लाभ होतो, कारण फार जवळून नाक उगाच मोठे दिसते.

तलावपाळी: वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. १८, २४, ३५ आणि ५५ मिमीवर अनुक्रमे दीड, दोन, सुमारे तीन आणि साडेचार मीटरवरून चार छायाचित्रे घ्यावीत व प्रत्येक वेळी मुलीची हनुवटी आणि कपाळ पडद्यावरील जाळीच्या त्याच दोन रेषांत बसवावे. ती एकामागून एक पाहिली की मुलगी जागची हलत नाही आणि डोंगर पुढे सरकत येतो. चित्रपटांतील ‘डॉली झूम’ (कॅमेरा मागेपुढे नेताना त्याच वेळी झूम बदलणे) याच हिशेबावर चालतो. शक्यतो सकाळीच जावे, कारण येऊर तलावाच्या पश्चिमेला असल्याने तेव्हा ऊन समोरून डोंगरावर पडते.

उपवनकाठ: आज सकाळी करून पाहिले. मागे सरताना फिरायला आलेली मंडळी मध्ये येत असल्याने ५५ पर्यंत पोहोचायला बराच वेळ थांबावे लागले, पण त्या चौकटीत डोंगरमाथा मुलीच्या वेणीच्या बराच वर आला आहे आणि उतारावरची झाडे वेगवेगळी ओळखता येतात. दोघांचेही मनःपूर्वक आभार.